पेजेच्या पुढे: वजनाच्या ऑपरेशननंतर पातळावरून मऊ जेवणाकडे

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की घरी सोडताना हातात आहाराचा कागद देतात. साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण, असा त्याचा क्रम. कागद मुंबईचा असतो, कोल्हापूरचा नाहीतर गोव्याचा. त्यात ओट्स असतात, ब्रोकोलीचं सूप असतं. घर मात्र कुडाळ, देवगड किंवा गुहागरकडच्या एखाद्या वाडीत. तिथे रोजच्या वाटपाला नारळ, दारावर मासळीवाली, आणि आजारी माणसाला पेजच द्यायची असं ठाम मानणारी घरातली मोठी माणसं.

माझ्या नवऱ्याचं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे होता. त्या कागदाचं आपल्या जेवणात काय करायचं, हे मी डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारत, करून बघत शिकले. तुमच्या घरात आज कोणी त्या वळणावर असेल, तर हे तुमच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगते. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. तुमच्या कागदात आणि इथे फरक दिसला, तर कागद खरा.

आधी आत काय बदललं ते समजून घ्या

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी आणि तिच्या कडेने स्टेपलची लांब ओळ. बायपास हा दुसरा प्रकार, हृदयाचा नव्हे, जठराचा. त्यात वरच्या बाजूला साधारण ३० मिलीची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हीकडे आत सूज असते, आणि टाके भरायला काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवात पातळाने. ही खबरदारी टाक्यांसाठी आहे. भूक मारण्याशी तिचा संबंध नाही.

भूक तशीही फारशी लागत नाही. भुकेची जाणीव देणारं संप्रेरक जठराच्या ज्या भागात सर्वात जास्त तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये गेलेला असतो. त्यामुळे "भूक लागली की सांगेन" यावर विसंबून चालत नाही. घड्याळ बघून द्यावं लागतं.

पुढच्या पायरीवर कधी जायचं

तारीख उलटली एवढं कारण पुरत नाही. दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पाणी आणि पातळ पदार्थ विनासायास जातात का? उलटी नाही, ताप नाही, पोटात वाढती दुखणी नाही, हे नक्की का? आणि सर्जननी किंवा त्यांच्या आहारतज्ज्ञांनी हो म्हटलंय का? तिन्हीची उत्तरं नीट असतील तरच पुढे. घरातून घाई होते, कारण पाण्यावर राहणारं माणूस कोणालाच बघवत नाही. "वायच पेज तरी घे रे, झिला," हे आमच्याकडे रोज व्हायचं. त्यामागची माया खरी असते, म्हणून ऑपरेशनच्या आधीच सगळ्यांना बसवून हा क्रम सांगून ठेवा.

पुढे गेलात की एका दिवसात एकच नवा पदार्थ. सोसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच, मग नवा. नाही सोसला तर एक दिवस पातळावर परत यायचं आणि तो पदार्थ आठवडाभराने बघायचा. मागे आलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. कितीतरी जणांना एखादा पदार्थ तिसऱ्या आठवड्यात टोचतो आणि पाचव्यात सहज जातो.

पेजेबद्दल स्पष्टच बोलायला हवं

उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी, घशाला सुखाची, आणि कोकणातल्या माणसाला ती बरं वाटवते हे मान्य. पातळाच्या दिवसांत तिचं गाळलेलं, मीठ घातलेलं पाणी घोटघोट द्यायला हरकत नसते. पण पेज म्हणजे मुख्यतः पिष्ट. तिच्यात प्रथिनं नावापुरती. आणि आता पोटात जागा आहे ती दोन-चार चमच्यांची. ती जागा पेजेने भरली, की अंड्याला आणि डाळीला राहतच नाही.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. बऱ्याच जणांना ६० ते ८० ग्रॅम सांगतात. ती कमी पडली तर वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात, जखम भरायला वेळ लागतो, जिना चढताना पाय गळतात. तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागतात ते बऱ्याचदा झपाट्याने वजन उतरल्यामुळे, पण प्रथिनं कमी असली तर ते वाढतं. म्हणून वाटीत काहीही असो, पहिले चमचे प्रथिनाचे, मग भाजीचे, आणि जागा उरलीच तर पेजेचे किंवा मऊ भाताचे. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हा क्रम विसरू नका.

हिशेब ठेवायला ढोबळ आकडे: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साडेसहाच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, आणि १०० ग्रॅम मासळीच्या मांसात १८ ते २०. पातळ वरणात मात्र वाटतं त्यापेक्षा फार कमी, कारण वाटीत पाणीच जास्त. या आकड्यांवरून लक्षात येईल की पहिल्या दोन महिन्यांत नुसत्या जेवणातून साठ गाठणं अवघडच आहे. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर म्हणून बंद करायची नसते. मऊ जेवण सुरू झालं की डबा कपाटात जातो, आणि तिथेच गणित बिघडतं.

पहिली पायरी: मिक्सरमधून काढलेलं

चमचा तिरका केला की पदार्थ सावकाश घसरला पाहिजे, आणि जिभेवर एकही कण लागता कामा नये. मिक्सरमधून काढून पुन्हा गाळणीतून चमच्याने दाबून घ्या.

सुरुवात मुगाच्या डाळीच्या घट्ट वरणाने करा. हळद, मीठ, चिमूटभर हिंग, वर अर्धा चमचा तूप चालतं. दुसरा सोपा पदार्थ म्हणजे चक्का. दही फडक्यात टांगून पाणी काढलं की उरलेल्यात प्रथिनं जास्त आणि जागा कमी. त्यात साखर नको, मीठ नि जिऱ्याची पूड घाला. दूध-दही सोसत नसेल, पोट गुरगुरत असेल किंवा जुलाब होत असतील, तर डॉक्टरांना सांगा. बायपासनंतर काहींना दूध पचत नाही.

कुळथाची पिठी या दिवसांत फार कामाला येते. मूळचं पीठच बारीक, त्यामुळे वाटावं-गाळावं लागत नाही. फक्त नेहमीची करू नका. फोडणीत हिरवी मिरची, लसूण, वर ओलं खोबरं असं सगळं बाजूला ठेवायचं. पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवून घ्या, हिंग-हळद-मीठ आणि एखादं सोल (आमसूल) घालून ढवळत शिजवा. कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत उकळलं पाहिजे. सोल काढून टाका. कुळीथ काहींना वायूचा त्रास देतो, तेव्हा मूग पचतोय हे कळल्यावरच, आणि पहिल्या दिवशी दोन चमचेच.

लाल भोपळा आणि दुधी वाफवून, वाटून त्याबरोबर देता येतो. मात्र एका वेळी सगळं मिळून दोन-तीन मोठे चमचे, दिवसात पाच-सहा वेळा. पुढच्या दिवसांत ते चार-पाच चमच्यांवर जातं. जेवणासाठी चहाचा चमचा आणि लोणच्याची लहान वाटी ठेवा. मोठ्या ताटात तीन चमचे वाढले तर वाढणाऱ्यालाही ते कमी वाटतं आणि हात पुन्हा पातेल्याकडे जातो.

मासळी: हे नीट वाचा

आपल्याकडे प्रथिनांचा सर्वात चांगला साठा मासळीचाच, पण चूकही तिथेच जास्त होते.

पहिली मासळी मुडदुशी. पांढरं, हलकं मांस, चरबी कमी. बाळंतिणीला आणि दुखण्यातून उठलेल्याला आपल्याकडे ती देतात, ते या बाबतीत तंतोतंत जुळतं. ती नसेल तर पापलेट किंवा सुरमईची तुकडी. बोंबील इतका मऊ की मोह होतो, आणि काटा काढून तो द्यायलाही हरकत नाही. पण ओल्या बोंबलात पाणी फार असल्यामुळे प्रथिनं इतर मासळीपेक्षा कमी पडतात, तेवढं लक्षात ठेवा. बांगडा पौष्टिक आहे, पण तेलकट, आणि काट्यांची भीती. तो मऊ आहार स्थिरावल्यावर. तारली तर काट्यांमुळे नकोच. कोळंबी, तिसऱ्या, माकूल, कुर्ल्या यांचं मांस चिवट, ते दोन महिने तरी विसरा. सुकट, सोडे, सुके बोंबील, आणि रवा लावून तळलेलं काहीही याच यादीत.

शिजवायचं असं: पातेल्यात थोडं पाणी, हळद, मीठ, ठेचलेल्या आल्याचा रस, एक सोल. तिखट नाही, तिरफळ नाही, वाटप नाही. मासळी घालून झाकण ठेवा, मांस काट्यापासून सुटायला लागलं की आच बंद. कोमट झाल्यावर उजेडात बसून बोटांनी चाचपत काटे काढा, आणि एकदा काढल्यावर दुसऱ्यांदा पुन्हा. मग त्याच पाण्यात ते मांस चमच्याने चेचून किंवा मिक्सरमध्ये फिरवून ओलसर करा. इथे सगळी मदार त्या ओलाव्यावर आहे. घास अडकतो तो बहुतेक वेळा कोरडा असल्यामुळे. सकाळची मासळी संध्याकाळी पुन्हा गरम केली की ती आणखी कोरडी पडते, म्हणून एका वेळेपुरती एकच मुडदुशी शिजवा.

पावसाळ्याचं आधीच बघून ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. मासळी मिळते ती खाडीची, थोडी आणि महाग. ऑपरेशन मेअखेर असेल तर मऊ जेवणाचे दिवस नेमके त्यात येतात. तेव्हा अंडी, मूग, चक्का, पनीर यांवरच बेत आखायचा.

शाकाहारी घरांतही हेच चार पदार्थ, पैकी अंडं चालत नसेल तर टोफू. आणि सोमवार, संकष्टी, श्रावण यांतले उपास या काळात धरू नका. साबुदाणा चिकट गोळा होऊन अडकतो, शिवाय त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत.

नारळाचं काय करायचं

काही आठवडे वाटप बंद. खोबऱ्याचा चोथा बारीक वाटला तरी राहतो, आणि त्यातली चरबी या पोटाला जड जाते. आमटी दाट हवी तर शिजलेला मूग किंवा दुधी वाटून घाला, चवीत फार फरक पडत नाही. सोलकढी गाळलेली असते म्हणून ती पातळात मोजली जाते, पण तिच्यात प्रथिनं नसतात आणि नारळाच्या रसाची चरबी असते. तिच्याऐवजी ताक. नारळ न घातलेलं आमसुलाचं सार, साखर न घालता, दोन जेवणांच्या मध्ये घोटघोट चालतं. छातीत जळजळ झाली तर तेही थांबवा. शहाळ्याचं पाणी उन्हाळ्यात उपयोगी आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी विचारा, कारण त्यात पोटॅशियम बरंच असतं.

दुसरी पायरी: चमच्याने दाबलं की मोडणारं

आता मिक्सर सुटतो. ओलसर भुर्जीसारखं परतलेलं अंडं, कुस्करलेलं ताजं पनीर, काटे काढलेली वाफवलेली मासळी, आणि मुगाची मऊ खिचडी, तीही उलट प्रमाणाची, दोन भाग डाळ नि एक भाग तांदूळ. भाज्यांत पडवळ, दुधी, सोललेलं शिराळं, बिया काढून गळेपर्यंत शिजवलेलं. फळांत पिकलेली पपई किंवा केळ्याचा छोटा तुकडा. फणस रेषाळ, तो नको. हापूसचा मोसम असेल तर रस टाळा. ज्यांचं बायपास झालंय त्यांना गोड पटकन आतड्यात उतरल्यामुळे दहा मिनिटं ते अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब होऊ शकतात, आणि एक ते तीन तासांनी साखर उतरून हात थरथरतात. गणपतीतल्या मोदकात तर तांदळाची चिकट उकड आणि गूळ-खोबरं दोन्ही आहे. प्रसाद जिभेला लावण्यापुरता घ्यावा आणि घरच्यांनी त्यावर आग्रह करू नये.

पाचव्या आठवड्यातला एक दिवस आमच्याकडे साधारण असा जायचा. सकाळी उठल्यावर पाण्याचे घोट. साडेसातला १५० मिली दुधात प्रोटीन पावडरच्या डब्यातल्या मापाचा एक चमचा. साडेनऊला एक अंडं. साडेबाराला ५० ग्रॅम मासळी आणि दोन चमचे दुधी. चारला चक्का तीन-चार चमचे. साडेसातला खिचडी चार चमचे. झोपण्याआधी पुन्हा थोड्या दुधात अर्धं माप पावडर. हे सगळं मिळून साठीच्या आसपास जातं. मधल्या वेळात पाणी.

कसं खायचं

जेवण वीस मिनिटं ते अर्ध्या तासाचं. घास नखाएवढा. तोंडातच पातळ होईपर्यंत चावायचा, गिळून झाल्यावर चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. स्ट्रॉ नाही, सोडा नाही, थंड पेयांच्या बाटल्या नाहीत.

पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी. कोणाला उचकी लागते, कोणाच्या नाकाला पाणी येतं, कोणाला शिंक येते, कोणाला छातीच्या मधल्या हाडामागे दाब जाणवतो. ती खूण आली की वाटीत एक चमचा उरला असला तरी थांबायचं. आणि घास अडकल्यासारखा वाटला तर त्यावर पाणी पिऊ नका. खालची वाट बंद असताना वरून पाणी घातलं की दुखणं वाढतं. उठून सावकाश फिरा. बहुतेक वेळा थोड्या वेळाने उतरतं. रोजच अडकायला लागलं, किंवा आधी सोसणारं पातळही खाली उतरेनासं झालं, तर जोडाची जागा आकसली असू शकते. सर्जनना दाखवा.

आपल्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, घाम जाऊन शरीरातलं पाणी फार लवकर कमी होतं, आणि एका दमात पिता तर येत नाही. बाटली हाताशी ठेवून दर काही मिनिटांनी एक घोट. लघवी गडद झाली, उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय.

गोळ्या

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, बी-१२ आणि ड सकट. कॅल्शियम आणि लोह यांच्यात निदान दोन तासांचं अंतर, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नाही. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं वजन उतरायला लागलं की आधीच्याच डोसात गरजेपेक्षा जास्त पडू लागतात. घरी साखर आणि प्रेशर मोजून डॉक्टरांना कळवत राहा. अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन आणून घेऊ नका, त्यांनी अल्सर होऊ शकतो. कोणतीही गोळी कुटून द्यायची तर आधी विचारा, काही गोळ्या फोडायच्या नसतात.

थांबून न राहता दवाखाना

ताप, बसल्या जागी १२० च्या वर नाडी, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, पोटरी सुजून दुखणं, काळं शौच. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि त्याच वेळी सर्जनच्या टीमलाही. पाणीही दिवसभर टिकत नसेल तरी तसंच.

आपल्यापासून ऑपरेशनचं हॉस्पिटल कित्येक तासांवर असतं. रात्री नेणार ते जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी, जिथल्या ड्युटी डॉक्टरांनी असा पेशंट क्वचित पाहिला असेल. म्हणून डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि पोचल्याबरोबर तीन गोष्टी सांगा. कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला. नाकातून पोटात नळी घालायची असेल तर आधी सर्जनशी बोलावं. आणि बरेच दिवस उलट्या होत असतील, तर ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायचं का ते विचारा. लांबलेल्या उलट्यांमध्ये ते संपतं, आणि नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. एकाच्या जागी दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं.

भात आणि भाकरी कधी

सर्वात शेवटी. अंडं, मासळी, डाळ, भाजी सगळं सहज जायला लागल्यावर. मऊ शिजलेल्या भाताचा एक चमचा, आमटीत कालवून, प्रथिनं खाऊन झाल्यावर. भात फुगतो आणि त्याचा गोळा होतो, म्हणून कोरडा कधीच नाही. तांदळाची भाकरी ताजी, पातळ, पापुद्र्याचा लहान तुकडा पिठीत भिजवून बघा. घावन-आंबोळी त्यानंतर, कडेची कुरकुरीत बाजू आधी, मधला मऊ भाग चिकटतो. मैद्याचा पाव बऱ्याच जणांना कित्येक महिने जात नाही. आमच्याकडे तो आता आणतच नाही.